कॉकटेल ड्रेस: छाती ३४, कंबर ३१, हिप ४२, उंची ५ फूट १. काय घालू?

नीरजा_कोथरूड

मंडळी, नवऱ्याच्या भाचीचं लग्न डिसेंबरात दक्षिण गोव्यात एका रिसॉर्टवर आहे. आदल्या संध्याकाळी समुद्रालगतच्या लॉनवर कॉकटेल पार्टी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पत्रिकेत तळाला बारीक अक्षरांत ड्रेसकोड लिहिलाय: कॉकटेल ड्रेस किंवा सूट. वर भाचीने फोन करून बजावलंय, "मामी, साडी नेसून आलीस तर फोटोत घेणार नाही." आता आली का पंचाईत!

वय ४६. मापं शीर्षकात दिलीच आहेत. खांदे अरुंद, पर्सचा बंद सारखा घसरतो इतके. वरचा भाग बेताचा, कंबर बरी, आणि तिथून खाली मात्र देवाने हात सैल सोडलाय. दंड उघडे टाकायचे नाहीत. सासूबाई काही म्हणणार नाहीत, माझंच मला आवडत नाही.

मॉलमध्ये जाऊन आले. एम घातला की हिपवर अडकतो, एक्सएल घातला की गळा आणि खांदे उतरतात. एका दुकानात मुलीने अंगाला चिकटून बसणारा बॉडीकॉन हातात दिला आणि म्हणाली, "मॅम, आतून शेपवेअर घाला, सगळं आत जाईल." आत म्हणजे कुठे, ते काही सांगितलं नाही.

नेटवर वाचलं तर म्हणे मी 'पेअर', म्हणजे त्या फळासारखी वर निमुळती आणि खाली रुंद, आणि पेअरने ए-लाइन, म्हणजे खाली पसरत जाणारा ड्रेस घालावा. घातला. तो चहूबाजूंनी असा फुलला की मी आहे त्याहून बुटकी दिसायला लागले. बजेट सात-आठ हजार. विकत घेऊ की शिवून? काळाच घ्यायचा का? जाणकारांनी मार्ग दाखवा.

रेवा

काळा, गुडघ्यापर्यंत, वर श्रग. विषय संपला. १९२६ मध्ये व्होग मासिकाने फ्रेंच डिझायनर शनेलच्या साध्या काळ्या ड्रेसला फोर्ड गाडीची उपमा दिली होती, म्हणजे सगळ्यांनी घ्यावा असा. शंभर वर्षं चाललंय ते तुला का चालणार नाही?

आप्पा_बळवंत

साडीत काय वाईट आहे म्हणतो मी? चांगली शिफॉनची नेसा, पिना लावा आणि ऐटीत मिरवा. हिपबिप सगळं झाकलं जातं.

नीरजा_कोथरूड

आप्पा, लग्नाला आणि रिसेप्शनला साड्याच आहेत हो. या एका संध्याकाळचा प्रश्न आहे. भाची हट्टी आहे, मामावर गेलीय.

शिलाईघर_डोंबिवली

नीरजा, जरा सविस्तर लिहिते, कारण तुझी मापं वाचून हात शिवशिवले. मी अंधेरीला एक्स्पोर्टच्या कारखान्यात पुष्कळ वर्षं कटिंगला होते, आता घरीच ऑल्टरेशनची कामं घेते. तुझ्यासारखी मापं माझ्याकडे नेहमी येतात आणि प्रत्येकीला वाटतं की आपलंच अंग जगावेगळं आहे.

तर आधी हे समजून घे की दुकानात तुझी अडचण का होते. कारखान्यात एकच साइज पुतळ्यावर नीट बसवून घेतात. बाकीचे साइज त्यावरून काढतात, आणि पुढच्या साइजला छाती, कंबर, सीट (म्हणजे तुझं हिप) सगळीकडे साधारण सारखेच इंच वाढवतात. अंग काही असं सरसकट वाढत नाही. पण तक्त्यात छाती ३४ असली की सीट ३७च्या आसपास धरलेली असते. तुझी ४२. म्हणजे गळ्यापासून कंबरेपर्यंत तू एका साइजची आणि खाली दोन साइज पुढची. हे मॉलमधल्या मुलीला कळत नाही, तिला शेपवेअर खपवायचं असतं.

फळांचा बाजार बाजूला ठेव. ड्रेस हातात घेतलास की एवढंच बघायचं: हा माझ्या अंगाला कुठे टेकणार? घेर असलेला ड्रेस खांद्याला, छातीला आणि कंबरेला टेकतो. सीटला तो लागतच नाही, त्यामुळे तिथलं माप ४२ असो नाहीतर ४५. असा ड्रेस घेताना खांदा आणि छाती बघून साइज घ्यायचा, बाकीचं विसरायचं. सरळ नळीसारखा, म्हणजे शीथ किंवा पेन्सिल कट असेल, तर तो सीटवर टेकतो. तो घ्यायचा सीटच्या मापाने आणि वरून आत घ्यायचा.

आता या दुसऱ्या प्रकारात तुझी अडचण आहे खांद्याची. कंबर आत घेणं सोपं, बाजूच्या शिलाया मारल्या की झालं. लांबी कमी करणंही सोपं. खांदा कमी करायचा म्हणजे बाही उसवा, मुंढा (बाही जोडायची खाच) नव्याने कापा, बाही परत चढवा, आणि एवढं करून गळा वाकडा बसायची भीती. मी असं काम आलं तर आधी नाहीच म्हणते. एक्सएल घेऊन वरून बारीक करू असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. एम घेऊन सीटला सैल करू म्हणशील, तर तेही होत नाही. तयार कपड्यात आत दाब, म्हणजे शिलाईपलीकडचं जादा कापड, ठेवलेलाच नसतो. शिंपी इंच-सव्वा इंच सोडतो, कारखान्यात अर्धा इंचसुद्धा मिळाला तर नशीब, कारण कापड वाचवायचं असतं.

म्हणून तुला घेरच. तू म्हणतेस ए-लाइनने बुटकी दिसले. तो स्कूबा किंवा टाफेटा अशा ताठ कापडाचा असणार, नाहीतर आत कॅनकॅनची ताठ जाळी लावलेली असणार. कटाचा त्यात दोष नाही, कापडाचा आहे. दुकानात कापडाचा पदर हाताच्या पालथ्या पंजावर टाकून बघ. बोटांच्या कडेने सरळ खाली पडला तर आपला. कडेला उभा राहिला तर ते कापड तुझ्या ४२ चे ४८ करणार. जाड क्रेप किंवा दुहेरी जॉर्जेट छान पडतं. सॅटिन नको, चकाकी नेमकी जिथे अंग गोल असतं तिथे चमकते आणि फोटोत तेवढंच दिसतं. उरेब, म्हणजे तिरके कापलेले जे सॅटिनचे लांब झुळझुळीत ड्रेस सध्या सगळीकडे दिसतात, तेही तुला नकोत. उरेब कापड लवचिक असतं, अंगाच्या प्रत्येक वळणावर जाऊन बसतं. मादलेन व्हियोने या फ्रेंच बाईंनी १९२०च्या दशकात या कटाला नाव मिळवून दिलं. सुरेखच काम, पण ज्यांना वळणं दाखवायची आहेत त्यांच्यासाठी.

कंबरेला चुण्या घालू नकोस. सहा कळ्या घाल. चुण्यांनी कंबरेखाली लगेच फुगवटा येतो. कळ्या कंबरेपासून सीटपर्यंत अंगासरशी उतरतात, मग मोकळ्या होतात, आणि उभ्या शिलायांमुळे नजर वरखाली फिरते. कापडाचा पन्हा (रुंदी) ४४ इंच असेल तर तीन मीटर धर, ५८ असेल तर सव्वादोन-अडीच.

वर गळा रुंद ठेव, बोट नेक किंवा रुंद चौकोनी. अरुंद खांद्यांना तोच आधार. मानेमागे बांधायचा हॉल्टर अजिबात नको, खांदे आणखी आत ओढले जातात आणि खालचा भाग त्या मानाने मोठा दिसतो. कोपरापर्यंतची बाही, खांद्याशी अगदी किंचित फुगा. दंडही झाकले आणि खांद्याला अर्धा-अर्धा इंच मिळाला.

आणि ती लाज सोड गं. १९४७ मध्ये पॅरिसमध्ये दियॉर या डिझायनरने जो गाजलेला पोशाख काढला ना, बारीक कंबरेचा आणि मोठ्या घेराचा, त्याच्या जाकिटाला कंबरेखाली आतून गाद्या लावल्या होत्या, सीट मोठी दिसावी म्हणून! पैसे मोजून घेत होत्या बायका. तुला देवाने फुकट दिलंय.

लांबीचं राहिलंच. उंची ५ फूट १ म्हणजे पोटरीच्या जाड भागावर ड्रेस संपता कामा नये, पाय तिथेच कापल्यासारखे दिसतात. गुडघ्याची वाटी संपते तिथे पाय परत बारीक होतो, त्या जागी टाचणी लाव. आणि ट्रायलला खुर्चीवर बसून बघ, बसल्यावर ड्रेस तीन-चार इंच वर चढतो.

मडगावची_शलाका

शिलाईघर ताईंना दंडवत. नीरजा, मी मडगावची, माहेरही तिथलंच. शिवून घेणार असशील तर पुण्यातच घे. गोव्यात येऊन शिवू म्हणशील तर डिसेंबरात इथला कुठलाही शिंपी हाती लागायचा नाही. आमच्या ख्रिश्चन शेजारणी नाताळचे आणि त्यानंतरच्या लग्नांचे फ्रॉक कितीतरी आधी टाकून ठेवतात. त्यांचं बघून मी एक शिकले. त्या कापड निवडताना अंगावर धरून आरशासमोर उभ्या राहत नाहीत, दोन पावलं नाचून बघतात. कारण तिथे लग्न म्हणजे नाच आलाच, आणि तुझ्या कॉकटेललाही डीजे असणार. हात वर केल्यावर ड्रेस कुठवर येतो ते घरीच बघ.

दुसरं, लॉन. टोकदार टाचा गवतात रुततात आणि बाई जागच्या जागी खिळते. जाड टाचेचे सँडल घे. संध्याकाळी समुद्रावरून वारा येतो, त्यामुळे घेर फार हलका नको. आणि दमट हवा, डिसेंबर असला तरी. काखेतला घाम फिक्या सिल्कवर आणि राखाडी रंगावर लगेच उठतो. गडद रंग घे, पण काळाच कशाला? रात्री लॉनवर काळ्या कपड्यातली माणसं फोटोत नुसती डोकीच दिसतात.

रेवा

काळ्यावर एवढा राग का सगळ्यांचा? 😀

शिलाईघर_डोंबिवली

राग नाही गं. काळ्यात शिलाई दिसत नाही. त्या सहा कळ्यांचे पैसे द्यायचे आणि त्या दिसायच्याच नाहीत, मग काय उपयोग? बाटली हिरवा, वाइन, शाईसारखा निळा यातला घे. शलाका म्हणते तो वाऱ्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. खालच्या दुमडीत थोडं वजन हवं, म्हणून दुमड बारीक पिको न करता दीड इंचाची ठेव आणि हातशिलाई घाल.

नीरजा_कोथरूड

ताई, तुम्ही तर शिकवणीच घेतलीत. आता शिवूनच घेते. पण माझे शिंपी फक्त ब्लाउज शिवतात. ड्रेस जमेल का म्हटलं तर म्हणाले, "नमुना आणा." इंटरनेटवरचा फोटो नेऊ? आणि आत काय घालायचं? ते शेपवेअर घेऊनच टाकू का?

शिलाईघर_डोंबिवली

ब्लाउज शिवणारे आहेत ना, मग तुझं अर्धं काम झालं. तुझा सगळ्यात नीट बसणारा ब्लाउज ने. खांदा, मुंढा, टक्स (छातीला आकार देणाऱ्या टोकदार शिलाया), सगळं त्यात आहे. ड्रेसचा वरचा भाग त्यावरून काढायला सांग, मात्र तेवढाच घट्ट नाही. ब्लाउज आपण अंगाला चिकटवून घालतो. ड्रेसमध्ये बसायचंय, जेवायचंय, हात वर करायचेत. छातीला ब्लाउजपेक्षा दीड-दोन इंच सैल ठेवायला सांग.

ब्लाउज छातीखाली संपतो, त्यामुळे कंबर कुठे येते ते त्याला माहीत नसतं. ते माप वेगळं द्यायचं. पोटाभोवती नाडी बांध आणि बाजूला वाक. नाडी सरकून जिथे बसते ती तुझी कंबर. मानेच्या मागच्या हाडापासून त्या नाडीपर्यंत टेप लाव. उंची कमी असली की हे अंतर तयार कपड्यातल्यापेक्षा कमी भरतं. मग त्या ड्रेसची कंबर तुझ्या कंबरेखाली येते आणि मधे कापडाची वळकटी पडते. तुला एम आणि एक्सएल दोन्ही वाईट दिसले त्यात याचाही हात असणार.

शेपवेअर घ्यायची गरज नाही. घेरात सीट झाकलेलीच आहे, आणि गोव्याच्या हवेत चार तास ते आवळून बसशील तर जेवण जाणार नाही. त्यापेक्षा चांगली ब्रा घे आणि ट्रायलला तीच घालून जा, सँडलही तेच. ब्रा बदलली की टक्सची टोकं हलतात.

अस्तराचं मात्र त्यांना नीट समजावून सांग, कारण ब्लाउजवाले सगळीकडे कॉटनच लावतात. वरच्या भागाला कॉटन हवंच, घाम पितं. खालच्या घेराला कॉटन लावलं की चालताना ते पायांत अडकतं आणि वरचं क्रेप त्याला धरून चढत जातं. खाली बटर क्रेपचं गुळगुळीत अस्तर, कंबरेला जोडलेलं, बाकी मोकळं, वरच्या कापडापेक्षा इंचभर आखूड.

वैशाली_एन

धागा पळवते, माफ करा. ताई, माझं उलटं आहे. छाती ४२, कंबर ४०, हिप ४१, पाय बारीक. मला सगळे एम्पायर कट, म्हणजे छातीखालीच शिलाई असलेला, सांगतात. तो घातला की ट्रेनमध्ये लोक उठून जागा देतात.

शिलाईघर_डोंबिवली

वैशाली 😀 छातीखाली चुण्या असतात म्हणून तसं होतं. तुला कंबरेची शिलाईच नको. खांद्यापासून सरळ पडणारा शिफ्ट कट, पुढे व्ही गळा, लांबी गुडघ्याच्या वर दोन बोटं. पाय चांगले आहेत तर ते दाखव, बघणाऱ्याचं लक्ष तिकडेच जातं. पोटावरून एका बाजूला तिरक्या चुण्या ओढून घेतलेल्या असतील तर उत्तम, त्यात काय आहे आणि काय नाही ते कळत नाही. रॅप ड्रेसही बघ, पुढून एकावर एक घेऊन बांधायचा. डायान फॉन फुर्स्टेनबर्ग या डिझायनरने १९७४ मध्ये जर्सीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा काढला तेव्हापासून तो हटलेला नाही, कारण गाठ आपल्या सोयीने बांधता येते, जेवणाआधी एक आणि जेवणानंतर एक. छाती ४२ म्हणजे गळा उघडणार, तिथे आतून एक टिचबटण लावून घे. बेल्ट लावू नकोस, कोणी कितीही सांगितलं तरी.

आप्पा_बळवंत

वाचतोय. एवढी मापं मी घराच्या फर्निचरलाही घेतली नव्हती. पुरुषांच्या सूटबद्दल कोणी लिहील का? मलाही एक कॉकटेल आहे फेब्रुवारीत.

मडगावची_शलाका

आप्पा, वेगळा धागा काढा. आणि आधी खांदा बघा, तुमचंही तेच आहे.

नीरजा_कोथरूड

अपडेट देते. लक्ष्मी रोडला गेले. पालथ्या पंजावर कापड टाकून बघत होते तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, टेलर का?" बाटली हिरवं जाड क्रेप मिळालं, पन्हा ५८, अडीच मीटर घेतलं. बटर क्रेप त्याच रंगाचं मिळेना, एक छटा गडद घेतलं. आज कच्च्या शिलाईची ट्रायल झाली. कळ्या खरंच छान पडतात. खांद्याचा फुगा शिंप्यांनी उत्साहाने दुप्पट केला होता, तो कमी करायला सांगितला. नवऱ्याने समोरून आणि बाजूने फोटो काढले, बाजूचा मला आवडला, हे आयुष्यात पहिल्यांदाच.

दोन शंका. चेन ते डाव्या बाजूला लावू म्हणतात, लपून राहते म्हणून. लावू देऊ का? आणि कंबरेला त्याच कापडाचा पट्टा सुचवलाय.

शिलाईघर_डोंबिवली

बाजूला नको. तुझी कंबर ते सीट अकरा इंचांचा फरक आहे, म्हणजे बाजूची शिलाई चांगलीच गोल. कन्सील चेन त्या गोलाईवर लाटेसारखी उभी राहते, कितीही इस्त्री केली तरी. मागे मधोमध लाव, पाठ सरळ असते. आणि कंबरेखाली सात-आठ इंच तरी उतरू दे, नाहीतर ड्रेस पायांतून वर चढणार नाही आणि डोक्यावरून घालताना केस विस्कटतील.

पट्टा चालेल, पण अर्ध्या-पाऊण इंचाचा, शिलाईवरच बसवलेला. रुंद पट्ट्याने तुझ्या आखूड बॉडीतलं आणखी इंचभर खाल्लं जाईल.

रेवा

शिलाई किती घेतायत ते सांग. मलाही शिवायचाय. हिरवा.

नीरजा_कोथरूड

अस्तर धरून अडीच हजार. कापड मिळून सगळं साडेपाचच्या आत बसतंय, उरलेल्यात सँडल. शिंप्यांचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवते, पण दिवाळीआधी घेणार नाहीत म्हणाले, ब्लाउजची गर्दी आहे.